चुन्याचे मोती, बुंदीचे लाडू

दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरात पांढऱ्या रंगाच्या किती वस्तू वावरतात, याचा हिशेब आपण सहसा करीत नाही. दारापुढे रांगोळी असते. जेवणे आटोपली की पानाचा डबा पुढे येतो, त्यात चुन्याची डबी असते. भाऊबीजेला ओवाळणाऱ्या बहिणीच्या नथीत चार मोती असतात. यांतली रांगोळी स्वस्त, चुना त्याहून स्वस्त, आणि मोत्याचे नाव काढले की घरधन्याचा हात आपोआप खिशाकडे जातो.

पण गंमत अशी की, या तिन्ही वस्तू एका नात्याने बांधलेल्या आहेत. कोकणात पूर्वापार भाताची फोलपटे जाळून उरलेल्या पांढऱ्या राखेची रांगोळी करीत आले. किनाऱ्यावरच्या गावांत शिंपले भट्टीत भाजून चुना केला जाई. आणि मोती तर शिंपल्याच्याच पोटचा. म्हणजे तिन्ही वस्तू मुळात कोणा ना कोणा जिवाने स्वतःच्या अंगी बांधलेल्या इमारती! रांगोळी आणि चुना हे त्या इमारती पाडून झालेले ढिगारे, आणि मोती ही तेवढी न पाडलेली इमारत. या इमारती बांधतो कोण, आणि कशा, हेच आज वाचकांना सांगायचे आहे.

मी मराठी शिकवते. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबर सुटला. पण पनवेलसारख्या खाडीकाठच्या गावात राहून शिंपल्याशी संबंध सुटत नाही. बाजारात तिसऱ्या, कालवे, खुबे यांचे वाटे दिसतात आणि तिसऱ्यांची एकशिंपी खाऊन झाल्यावर ताटात नक्षीदार शिंपल्यांचा ढीग उरतो. एवढासा बिळबिळीत जीव, त्याला ना हात ना हत्यार. त्याने हे घर बांधले कसे, हा प्रश्न मला तो ढीग टाकून देताना नेहमी पडे. त्याचे उत्तर आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने मला वाचायला दिलेल्या लेखांत सापडले. तेच माझ्या भाषेत मांडते.

एकाच पदार्थाच्या पाच बरण्या

पनवेलची ओळख बाहेरच्या माणसाला अनेक गोष्टींनी असेल, पण जुन्या पिढीला ती श्रीधूतपापेश्वराच्या औषधांनी होती. पुराणिक घराण्यातील वैद्यांनी १८७२ साली इथे हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू केला. आयुर्वेदाच्या भस्मांची यादी काढून बघा. शंखभस्म, कवडीचे कपर्दिक भस्म, शिंपीचे शौक्तिक भस्म, पोवळ्याचे प्रवाळ भस्म आणि मोत्याचे मौक्तिक भस्म. पाच बरण्या, पाच नावे, पाच किमती. त्यांचे गुणदोष वैद्यांनी सांगावेत, तो माझा प्रांत नव्हे. पण ज्यांपासून ही भस्मे करतात ते शंख, कवडी, शिंपी, पोवळे आणि मोती हे पाचही रसायनशास्त्रज्ञापुढे ठेवले, तर तो पाचांनाही एकच नाव देईल, कॅल्शियम कार्बोनेट. फळ्यावरचा अस्सल खडू तोच, चुनखडीचा दगड तोच आणि ताजमहालाचा संगमरवरही तोच!

मग खडूला कोणी विचारीत नाही आणि मोत्याला तिजोरीत ठेवतात, हे का? माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की, ‘रस’ आणि ‘सर’ या शब्दांत अक्षरे तीच आहेत, पण एक पेल्यात असतो आणि दुसरा गळ्यात. शब्दाचा अर्थ अक्षरांत जेवढा, तेवढाच त्यांच्या मांडणीतही असतो. निसर्गाच्याही भाषेत हेच व्याकरण आहे. पदार्थ तोच, मांडणी निराळी. तेव्हा मोल आहे ते मांडणीचे.

ही मांडणी किती बारीक असते ते पाहा. शिंपल्याच्या आतल्या बाजूला जो इंद्रधनुषी चकाकणारा थर असतो, त्यात या खनिजाच्या चपट्या फरशा एकावर एक रचलेल्या असतात. एका फरशीची जाडी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. दोन फरशांमध्ये प्रथिनांचा आणि कायटिनचा अगदी पातळ लेप. कायटिन म्हणजे ज्याचे कोळंबीचे कवच असते तो पदार्थ. वजनात शेकडा ९५ भाग खनिज आणि जेमतेम ५ भाग हा लेप. पण तेवढ्या लेपाने काय किमया होते! नुसता खनिजाचा स्फटिक टिचकीसरशी फुटतो. हा थर मात्र फुटायला त्याच्या सुमारे तीन हजार पट शक्ती खर्च करावी लागते, असे मोजमाप सांगते. कारण तडा एका फरशीतून निघाला की, लेपात अडखळतो, वळतो, पुन्हा अडखळतो आणि दमून थांबतो. आणि ती चकाकी? फरशीची जाडी प्रकाशाच्या लहरीच्या मापाची असल्यामुळे निरनिराळे रंग निरनिराळ्या कोनांतून परततात. मोत्याचे ‘पाणी’ म्हणतात ते हेच.

खडीसाखर की लाडू?

आता मुख्य प्रश्न. या फरशा घडतात कशा?

खडीसाखर कशी होते हे आपल्याला ठाऊक आहे. दाट पाकात दोरा सोडून ठेवायचा. पाकातल्या साखरेचा एकेक अतिसूक्ष्म रेणू येऊन दोऱ्यावर बसतो, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. शेवटी सपाट बाजूंचा, धारदार कोपऱ्यांचा खडा तयार होतो. खनिजांचे स्फटिकही असेच वाढतात, तेव्हा शिंपल्याचेही असेच असणार, असे शास्त्रज्ञ विसाव्या शतकात बहुतांशी धरून चालले होते. पण या समजुतीत एक खोच होती. खडीसाखरेचा आकार साखरच ठरवते. दोऱ्याचे तिथे काही चालत नाही. शिंपला मात्र वाटीसारखा गोलवट, शंख पीळदार, सागरसाळूचा काटा कमानदार. कोपऱ्यांचा हट्ट धरणाऱ्या स्फटिकाला असे वळवले कोणी?

याचे उत्तर दिवाळीच्या फराळाच्या डब्यात आहे. बुंदीचा लाडू कसा वळतात? आधी बुंदी पाडायची. ती पाकात मुरवायची. पाक ओला आहे तोवर मिश्रण हाताच्या मुठीत जसे दाबाल तसे वळते. एकदा पाक आळला की, लाडू असा घट्ट होतो की, आजोबांनी तो फोडायला अडकित्ता मागावा! म्हणजे आधी लहान कण, मग ओलेपणी त्यांची जुळणी आणि शेवटी घट्ट होणे. जीवसृष्टी आपली खनिजे अशीच वळते.

१९९७ साली इस्रायलमधील वाइझमन संस्थेत लिया अडाडी, स्टीफन वायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सागरसाळूच्या अळीचे चिमुकले काटे तपासले. तेव्हा आढळले की, काटा प्रथम घडतो तो स्फटिकाचा नसतोच. तो असतो कॅल्शियम कार्बोनेटच्याच एका कच्च्या, न आळलेल्या रूपाचा. हे रूप काचेसारखे अस्ताव्यस्त असते. आतले अणू रांगेत उभे नसतात. मागाहून ते रांगेत येतात आणि स्फटिक होतो. पण तोपर्यंत आकार ठरून गेलेला असतो. पुढे शिंपल्यांच्या ताज्या थरांत, आणि २०१७ साली पोवळ्यांच्या सांगाड्यातही, हेच कच्चे कण सापडले. अमेरिकेतील पुपा गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २०१९ साली जुने जीवाश्म तपासून दाखवून दिले की, लाडू वळण्याची ही रीत निदान ५५ कोटी वर्षांपूर्वीची आहे!

हे कण केवढे? यांचे माप ‘नॅनोमीटर’मध्ये करतात. ‘नॅनोस’ म्हणजे ग्रीक भाषेत बुटका. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. शिंपल्याच्या, पोवळ्याच्या बुंदीचा एक दाणा साधारण ५० ते ४०० नॅनोमीटरचा असतो. शंभर नॅनोमीटरचे आठशेएक दाणे शेजारी शेजारी ठेवावेत, तेव्हा कुठे आपल्या डोक्यावरच्या एका केसाची जाडी भरते.

कोणी म्हणेल, लाडू वळायला आईचा हात असतो. शिंपल्यात तो कोणाचा? तिथेच खरी नवलाई आहे. हात नाही, पण साचा आहे. शिंपल्याच्या आत त्या जिवाच्या मऊ अंगाभोवती एक पातळ पडदा असतो. तो आधी प्रथिनांची आणि कायटिनची जाळी विणतो. कच्चे कण तयार करून त्या जाळीकडे सोडतो. उघड्या भांड्यात हे कण पाहता पाहता आळून वाया गेले असते. पण पाणी, मॅग्नेशियम आणि काही खास प्रथिने त्यांना योग्य घडीपर्यंत कच्चे ठेवतात. पाक फार लवकर आळू नये म्हणून सुगरण जपते तसेच हे. कण जाळीला चिकटतात, एकमेकांना बिलगतात; आणि एकदा आधीच्या स्फटिकाला लागले की, त्यांच्यातले अणू शेजाऱ्याकडे बघून त्याच दिशेने रांगेत उभे राहतात. या आपोआप होणाऱ्या जुळणीला शास्त्रज्ञ ‘स्वयंरचना’ म्हणतात. दाण्यादाण्यांमध्ये राहिलेल्या फटी मात्र खडीसाखरेच्या रीतीनेच, एकेक सुटा घटक येऊन बुजवल्या जातात. लाडवातला पाकच म्हणा ना! म्हणजे जुनी समजूत साफ खोटी ठरली नाही. ती अर्धीच होती.

या रीतीचा फायदा दुहेरी. हवा तो आकार मिळतो आणि काम झपाट्याने होते. कोंबडीचे अंडेच घ्या. पाच-सहा ग्रॅमचे टरफल ती सुमारे वीस तासांत बांधून मोकळी होते. आणि त्याची सुरुवातही अशाच कच्च्या कणांनी होते. आपण माणसेही या कारागिरीबाहेर नाही. आपल्या हाडांत चुन्याऐवजी कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे खनिज असते. त्याच्या काही नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांत गुंफलेल्या असतात. लाडू निराळ्या पिठाचा, एवढेच.

गोव्याच्या खिडक्या

या कारागिरीचा सर्वांत देखणा उपयोग बघायचा असेल तर गोव्याला जावे. तिथल्या जुन्या घरांच्या आणि चर्चांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची चौकोनी तावदाने बसवलेली दिसतात. ऊन आत येते, पण दुधासारखे मऊ होऊन. हा शिंपला चपटा असतो आणि कागदासारखा पातळ. त्यात शेकडा ९९ भाग खनिज असूनही त्यातून बहुतेक प्रकाश आरपार जातो. बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेत लिंग ली आणि क्रिस्टीन ऑर्टिझ यांनी २०१४ साली या शिंपल्याला अतिसूक्ष्म टोच्याने टोचून पाहिले. खाणीतल्या त्याच खनिजाच्या स्फटिकापेक्षा हा शिंपला सुमारे दहापट आघात जिरवतो आणि इजा टोचलेल्या जागेपुरतीच ठेवतो, असे त्यांना आढळले. खिडकीचे एक तावदान दगडाने फुटले तर काचेचे दहा तुकडे होतात. या शिंपल्याला भोक पडते, बाकीचे अंग शाबूत राहते. सैन्याच्या चिलखतासाठी पारदर्शक पदार्थ शोधणारे लोक आज या शिंपल्याकडे शिकवणीला बसले आहेत!

भाताच्या तुसातली काच

पण खनिजे बांधण्याचा मक्ता काही समुद्राने घेतलेला नाही. आमचा रायगड जिल्हा भाताचा. भाताचे रोप जमिनीतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका, म्हणजे वाळूचाच मूळ पदार्थ, मुळांनी ओढून घेते. यासाठी मुळांत एक खास दरवाजा असतो. त्याचे जनुक जपानमधील जियान फेंग मा यांच्या गटाने २००६ साली शोधले. ही सिलिका पानांत आणि दाण्याच्या तुसात अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने साचते. तीही अस्ताव्यस्त, काचेसारखी. तिच्या बळावर रोप ताठ उभे राहते, करप्याला आणि खोडकिड्याला दाद देत नाही. भाताची पाने हाताला करकरतात ती यामुळेच. आणि आपल्या आज्या तुसाच्या राखेने दात आणि भांडी लख्ख करीत, त्यामागचे इंगितही हेच. तूस जाळले की, जळण्याजोगे ते जाते आणि जवळजवळ निव्वळ सिलिका उरते. रांगोळीची चिमूट ती हीच.

या तुसाला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने एक निराळाच सोबती मिळवून दिला. तिथे मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांचे सहकारी बुरशींना कामाला लावण्याच्या खटपटीत होते. २००१ साली त्यांनी एका बुरशीकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण करून घेतले होते. पुढे त्यांनी फ्युझेरियम ही बुरशी घेतली. हरभरा आणि केळी यांना मर रोग लावणारी ती हीच, शेतकऱ्याची वैरीण. २००३ साली त्यांनी तिच्याकरवी कॅल्शियम कार्बोनेटचे नक्षीदार स्फटिक घडवले. आणि २००६ साली विपुल बन्सल, अहमद आणि शास्त्री यांनी तिला भाताचे तूस खायला घातले. तिने तुसातली अस्ताव्यस्त सिलिका बाहेर काढली आणि तिचे दोन ते सहा नॅनोमीटरचे शिस्तबद्ध स्फटिक करून दिले. तेही साध्या खोलीच्या उष्णतेत! माणसाला काच करायची तर भट्टी हजार अंशांच्या वर तापवावी लागते. बुरशीला ना भट्टी, ना धूर, ना इंधनाचे बिल. जिवांची ही रीत शिकून घ्यायला जगभरच्या प्रयोगशाळा धडपडत आहेत, त्याचे कारण हे.

खाडीचे गाऱ्हाणे

इथवर सगळे कौतुकाचे झाले. आता थोडे काळजीचे.

आमच्या बाजारात तिसऱ्या विकायला बसणाऱ्या एका मावशींना मी सहज विचारले, “मावशी, हल्ली वाटे लहान का हो?” त्या म्हणाल्या, “पूर्वी एका ओहोटीला पाटी भरायची, बाई. आता दोन ओहोट्या चिखल तुडवावा लागतो.” शास्त्रज्ञाच्या तक्त्याइतकेच मला हे वाक्य मोलाचे वाटते. खाडीकाठी शहरे वाढली, खाजणांत भराव पडले, सांडपाणी वाढले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्याचे उद्घाटन झाले त्या विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाहसुद्धा वळवण्यात आला. तिसऱ्या उकरणाऱ्या बाईचा चिखल आटत चालला, हे तर डोळ्यांना दिसते.

पण आणखी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आपण कोळसा, पेट्रोल जाळून जो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र गिळतो. गिळलेला वायू पाण्यात आम्ल होतो. कारखानदारीचे युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या वरच्या थरातले आम्लतेचे कण शेकडा २५ ते ३० ने वाढले आहेत. समुद्र काही लिंबाचे सरबत झालेला नाही. तो अजूनही आम्लाच्या उलट बाजूलाच आहे. पण शिंपला बांधायला लागणारा कार्बोनेट हा कच्चा माल मात्र पाण्यात कमी होत चालला. माल दुर्मिळ झाला की, घर बांधणे महाग पडते, हे मध्यमवर्गीय वाचकाला मी निराळे सांगायला नको.

यात सर्वांत जास्त होरपळतात ती पिल्ले. कालवाची अळी जन्मल्यावर दोन दिवसांच्या आत पहिला शिंपला बांधते. तेव्हा तिला खाता येत नाही. अंड्यातून आणलेली शिदोरी हेच तिचे भांडवल. बांधकाम महाग झाले की, शिदोरी अर्ध्या वाटेवर संपते. अमेरिकेत ऑरेगनच्या किनाऱ्यावर व्हिस्की क्रीक नावाचे कालवांची पिल्ले वाढवणारे केंद्र आहे. तिथे २००७ च्या सुमारास पिल्ले पटापट मरू लागली. आधी रोगाचा संशय घेतला गेला. अखेर दोष समुद्राच्या आम्लावलेल्या पाण्यात सापडला. उपाय काय केला? आपला धुण्याचा सोडा! टाक्यांतल्या पाण्यात सोडा घालून आम्ल मारले आणि पिल्ले पुन्हा शिंपले बांधू लागली. केंद्राच्या टाकीत सोडा घालता येतो. अरबी समुद्रात किती पोती ओतणार?

शिंपल्याची जात संपली तर एक चविष्ट कालवण जाईल, एवढाच हा तोटा नाही. त्या मावशींची पाटी जाईल. आणि ५५ कोटी वर्षे मुरलेली, भट्टीशिवाय दगड घडवणारी एक विद्या, आपण ती पुरती शिकण्याआधीच, आपल्या खाडीतून उठून जाईल. लाटा अडवणारी पोवळ्यांची बेटेही याच विद्येवर उभी आहेत. खाजण बुजवताना, तिवरे तोडताना आणि विनाकारण गाडी काढताना हा हिशेब कोणी मांडीत नाही. तो मांडायला शास्त्रज्ञच हवा असे मात्र नाही.

सुट्टीत घरातल्या मुलांना एक प्रयोग करू द्या. एक कच्चे अंडे पेल्यात ठेवावे आणि ते बुडेल इतके व्हिनेगर त्यावर ओतावे. लगेच टरफलावर बारीक बुडबुडे येऊ लागतील. मोती, शंख, पोवळे आणि तिसऱ्या यांच्या अंगचे जे खनिज, तेच इथे विरघळते आहे. एक-दोन दिवस गेले, मध्ये एकदा व्हिनेगर बदलले, की टरफल नाहीसे होते आणि हातात येते ते नुसत्या पातळ पापुद्र्यातले, दाबले तर दबणारे अंडे. मुलांना ते प्रकाशासमोर धरून दाखवा. कोंबडीने कणाकणाने वळलेला लाडू आम्लाने कणाकणाने सोडवला, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागणार नाही.